दुकानातला संगणक : भाग ६
फ्लेक्सची फाईल रखडते कुठं?

गणेशोत्सवाच्या आधीचा आठवडा असो, शिवजयंती असो की शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल हंगाम, कोल्हापुरातल्या डिझाईनच्या दुकानांना रात्र पुरत नाही. पडद्यावर कोरल ड्रॉ उघडलेलं असतं, पाठीमागं तालमीचे कार्यकर्ते उभे असतात आणि २० बाय १० फुटांच्या फलकावरचा शेवटचा फोटो ‘जरा डावीकडं’ सरकवायचा असतो. नेमका तेव्हाच बाण अडतो, चक्री फिरू लागते आणि खिडकीच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटतं. “दादा, मशीन लई हँग हुतंय, नवं ग्राफिक कार्डच टाकूया,” हा सल्ला मग ठरलेलाच.

कार्ड दोषी असू शकतं, पण त्याच्यावर खर्च करण्याआधी तपासायच्या गोष्टी फुकटातल्या आहेत. पहिली तपासणी अर्ध्या मिनिटाची. कोरलमध्ये कोरं पान उघडायचं, चार चौकोन काढायचे आणि ते ओढून बघायचे. इथंही अडखळत असेल तर दुखणं संगणकात किंवा प्रोग्रॅमच्या मांडणीत आहे. चौकोन लोण्यासारखे सरकले, तर संगणक निर्दोष. जड आहे ती फाईल.

फाईल जड का होते, हे आकडेमोडीनं चटकन कळतं. २० बाय १० फूट म्हणजे २४० बाय १२० इंच. कुणी ‘क्वालिटी चांगली यावी’ म्हणून ३०० डीपीआय ठेवला, की लांबीला ७२,००० आणि उंचीला ३६,००० ठिपके होतात. एकूण २५९ कोटींच्या वर. सीएमवायकेमध्ये प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे नुसत्या पार्श्वभूमीला सुमारे १० जीबी. तोच फलक ७२ डीपीआयवर केला तर ठिपके १४ कोटी ९३ लाख आणि वजन सुमारे ६०० एमबी. फ्लेक्सला एवढं पुरतं, कारण चौकातला फलक कुणी हातात धरून वाचत नाही. मूकपटांच्या काळात याच शहरात बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवत. लांबून बघायच्या चित्रात बारकावा किती ठेवायचा, हा हिशेब कोल्हापूरच्या पेंटर मंडळींना संगणक येण्याआधीपासून ठाऊक होता.

आता फलकाच्या तळाशी ओळीनं बसवलेले मंडळाचे चेहरे बघा. मोबाइलवरून आलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो आरजीबीमध्ये उघडला की ३६ एमबी होतो. असे ६० कार्यकर्ते म्हणजे दोन जीबीच्या वर. आणि फलकावर प्रत्येकाच्या वाट्याला येते एक फूट बाय एक फूट जागा! तेवढ्या चेहऱ्याला ७२ डीपीआयनं ८६४ बाय ८६४ ठिपके लागतात; फोटोत त्याच्या सोळापट असतात. शिवाय पॉवरक्लिपनं गोलात बसवलेला फोटो कापला जात नाही. गोलाबाहेरचा हात, मागची भिंत, शेजारी उभा असलेला मित्र, सगळं आत दडून राहतं आणि फाईलबरोबर फिरतं. फोटो आधी खरोखर कापून घ्यावा आणि मग बिटमॅप्स मेन्यूतल्या रीसॅम्पलनं लहान करावा. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये राहतातच.

दुसरा लपलेला भार सावलीचा. ड्रॉप शॅडो आणि पारदर्शकता दिसायला हलक्या, पण छपाईला जाताना त्यांचे ठिपकेच व्हावे लागतात. ते किती बारीक, हे नवीन फाईल उघडताना विचारल्या जाणाऱ्या ‘रेंडरिंग रिझोल्यूशन’वर ठरतं. तिथं सवयीनं ३०० ठेवून पान फुटांच्या मापाचं घेतलं, तर प्रत्येक नावामागची मऊ सावली डोंगराएवढी होते. म्हणून पुष्कळ डिझायनर एका फुटाला एक इंच धरून छोट्या मापात काम करतात आणि मोठं माप छपाईच्या वेळी देतात.

भार फोटोंचा की रेषांचा, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. व्ह्यू मेन्यूत जाऊन वायरफ्रेम निवडायचं. रंग, सावल्या जातात, बाह्यरेषा उरतात. आता सगळं सुरळीत सरकलं, तर दोष फोटो, सावल्या आणि पारदर्शकतेचा. वायरफ्रेममध्येही अडलं, तर दोष नोड्सचा.

हा नोड्सचा घोळ हल्ली फार वाढला आहे. महाराजांच्या चित्रामागचा भगव्या ब्रशचा फटकारा घ्या. तो नेटवरच्या जेपीजीवरून ट्रेस केलेला असतो. शेप टूल घेऊन त्यावर क्लिक केलं की कडेच्या प्रत्येक तुसावर नोड्स मुंग्यांसारखे चिकटलेले दिसतात. एकाच आकारात हजारो. फलक थोडा हलवला तरी त्या सगळ्यांचं गणित पुन्हा मांडावं लागतं. रिड्यूस नोड्स वापरून ते कमी करता येतात आणि रस्त्यावरून फरक कळत नाही. नाहीतर फटकाऱ्याचं सरळ बिटमॅप करून टाकावं. मजकूर कर्व्ह करायचा, म्हणजे कंट्रोल-क्यू दाबायचं, तेही अगदी शेवटी आणि वेगळ्या प्रतीत.

एवढं करूनही दोषी सापडला नाही, तर ऑब्जेक्ट मॅनेजरमधले निम्मे लेअर झाकायचे. वेग आला, तर दोषी झाकलेल्यांत. नाही आला, तर उरलेल्यांत. असं निम्मं-निम्मं करत गेलं की चार-पाच फेऱ्यांत नेमकी वस्तू हाती लागते.

कोरं पानही रखडत असेल, तर संगणकाकडं वळायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि कोरल अडकलेलं असताना आकडे बघायचे. इथं एक चकवा आहे. प्रोसेसर फक्त १२-१३ टक्के दाखवतो, म्हणून तो निवांत आहे असं वाटतं. पण चित्रकामाच्या प्रोग्रॅममधली बरीच कामं एका वेळी एकाच कोअरवर चालतात, आणि आठ कोअरपैकी एक पूर्ण जुंपला की सरासरी साडेबारा टक्केच दिसते. मेमरी काठोकाठ भरली असेल, तर विंडोज डिस्कवर लिहू लागतं आणि जुन्या हार्ड डिस्कचा आकडा १०० वर जाऊन बसतो. अशा वेळी रॅम वाढवणं आणि एसएसडी बसवणं हाच उपाय. गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हवरूनच फाईल उघडून काम करणं टाळावं. ठराविक मिनिटांनी संगणक थबकत असेल, तर तो ऑटो-बॅकअप असतो. तो बंद करू नये, दोन बॅकअपमधलं अंतर वाढवावं. प्रोग्रॅम उघडायलाच वेळ लागत असेल, तर सीडी भरभरून टाकलेले मराठी फॉन्ट आठवावेत. मांडणीच बिघडली असेल, तर एफ-८ दाबून धरून कोरल सुरू केलं की ती मूळपदावर येते. मात्र स्वतः बसवलेले शॉर्टकट त्यात जातात, ते आधी जपून ठेवावेत.

कार्डाची पाळी आता. आधी संगणकाच्या मागं वाकून बघायचं, की मॉनिटरची केबल कार्डात आहे की मदरबोर्डच्या खाचेत. कार्ड विकत घेऊनही केबल जुन्याच जागी राहिल्याची उदाहरणं कमी नाहीत. मग ड्रायव्हर कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्समध्ये कोरलसाठी ‘हाय परफॉर्मन्स’ निवडावं. कोरलच्या ऑप्शन्समधली जीपीयूची खूण एकदा लावून आणि एकदा काढून बघावी. काही यंत्रांवर ती काढल्यावरच काम सुधारतं.

पुढच्या आठवड्यात : शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमधली ऑटोकॅडची रखडणारी ड्रॉइंग, आणि त्यांना हलकं करणाऱ्या पर्ज व ओव्हरकिल या दोन कमांड.