स्नायूंचा अशक्तपणा आणि केशवाहिन्यांचा ऱ्हास

कोलकात्याच्या बेहाला भागात १९८८ साली रेशन दुकानातून विकल्या गेलेल्या रेपसीड, म्हणजे मोहरीच्या कुळातील तेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट हे औद्योगिक रसायन मिसळले गेले होते आणि ते पोटात गेल्याने शेकडो माणसांचे पाय लुळे पडले. या विषाने हातापायांकडे जाणारे लांब मज्जातंतू निकामी केले होते. मूळ रोग स्नायूंत नव्हता, पण त्यांच्यापर्यंत मेंदूची आज्ञाच पोहोचत नव्हती.

स्पेनमध्ये १९८१ साली ॲनिलीन मिसळलेले, केवळ कारखान्यांसाठी असलेले रेपसीड तेल खाद्यतेल म्हणून विकले गेले, तेव्हा सुमारे २०,००० लोक आजारी पडले आणि ३०० हून अधिक दगावले. तेथे मात्र तीव्र स्नायुदुखीबरोबर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा झालेली दिसली आणि रक्तातील इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या आढळल्या, म्हणून या आजारात रोगप्रतिकार यंत्रणेचाही वाटा असल्याचे मानले जाते.

कोणत्याही विषाशिवाय ही यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते, तेव्हा होणाऱ्या विकारांपैकी एक म्हणजे डर्मॅटोमायोसायटिस, अर्थात त्वचा आणि स्नायूंचा दाह. त्यात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने केशवाहिन्यांच्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर साचतात, त्या वाहिन्या नष्ट होऊ लागतात आणि स्नायुतंतूंच्या जुडग्यांच्या कडेचे तंतू रोडावतात. जिना चढणे, बसल्या जागेवरून उठणे, केस विंचरणे जड जाते. पापण्यांवर जांभळट छटा आणि बोटांच्या सांध्यांवर लालसर उंचवटे दिसतात, तर नखांच्या मुळाशी फुगलेल्या केशवाहिन्या भिंगातून पाहता येतात.

रक्तातील क्रिएटिन कायनेज हे विकर, स्नायूंचा विद्युत आलेख आणि गरज पडल्यास स्नायूच्या तुकड्याची तपासणी यांवरून निदान होते. स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेटसारखी औषधे प्रतिकार यंत्रणेचा हल्ला आवरतात; प्रौढ रुग्णांत काही वेळा कर्करोगही आढळतो, म्हणून त्याचाही शोध घ्यावा लागतो. बेहालातील विषबाधेवर असे उपाय लागू पडणारे नव्हते, तेथे भेसळ रोखणे हाच खरा उपचार होता. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये मात्र वेळेवर निदान झाल्यास बरेच बळ परत मिळू शकते, आणि म्हणूनच वाढत जाणाऱ्या अशक्तपणाला थकवा किंवा वय म्हणून सोडून न देता इजा मज्जातंतूत आहे, स्नायूत आहे की रक्तवाहिनीत, हे डॉक्टरांकडून लवकर तपासून घेणे अगत्याचे आहे.