दोन कुशींमधला वेळ

सकाळी साडेआठ. मणक्याला मार लागलेल्यांच्या वॉर्डात मी आधी सिस्टरांचा तक्ता बघते. बेडसोर होऊ नयेत म्हणून इथे दर दोन तासांनी कूस बदलतात. कोण उताणा, कोण पालथा हे कळल्याशिवाय खेळ ठरत नाही.

नऊ. उताण्यांना छताखेरीज काही दिसत नाही, त्यांना पेपर वाचून दाखवते. बाजारभाव आधी, कारण बरेचसे शेतकरी. कुशीवर असतील त्यांना पत्ते. मानेला इजा झालेल्यांची बोटं चालत नाहीत, म्हणून सुतारमामांनी लाकडी पट्टीला खाच पाडून दिली आहे. पत्ते तिच्यात उभे राहतात. मनगट वर उचललं की बोटं आपसूक थोडी मिटतात, तेवढ्या पकडीत पान येतं. आंब्यावरून पडलेले कोकणातले काका असं एक पान काढायला मिनिटभर घेतात. मी हात लावत नाही. अंघोळ कधी, जेवण कधी, झोपायचं कुठल्या कुशीवर, त्यांचं सगळं दुसरे ठरवतात. पान कुठलं टाकायचं ते त्यांचं त्यांनीच ठरवायला हवं.

अकरा ते एक राऊंड आणि ड्रेसिंग.

दोन. कॅरम. बोर्ड स्टुलावरच, मांडीवर कधीच नाही. जिथे स्पर्शच कळत नाही तिथे कड रुतली तरी समजायचं कसं? दर पंधरा-वीस मिनिटांनी खेळ थांबतो आणि व्हीलचेअरवाले हातांवर जोर देऊन अंग उचलतात. "ताई, एवढी क्वीन घेतो, मग उचलतो," असं कुणी म्हणालं तरी ऐकायचं नाही. शेवटी 19 सोंगट्या आणि स्ट्रायकर मोजते. एक सोंगटी पाठीखाली राहिली तर रात्रीत जखम होते.

चार. मोबाईलवर 'चंदू चॅम्पियन' सिनेमा. 1965च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडलेल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, त्याची ही गोष्ट. बहुतेकांना उभारी येते. विहिरीत पडलेला एक कोवळा पोरगा मात्र भिंतीकडेच बघत होता. प्रत्येकाने पदकच आणावं, असं ओझं त्याच्यावर नको. विचारलं, "काय लावू?"

"काहीच नको."

बरं म्हणाले आणि शेजारी बसून राहिले. नको म्हणायचा हक्कही त्याला इथे क्वचितच मिळतो.

सहा. वहीत नोंद: काकांचा रमीचा डाव अर्धा, पट्टी हलवू नये. पोराचा पलंग खिडकीकडे फिरवता येईल का, हे आधी त्यालाच विचारावं.