थोडक्या पैशांत जिंकणारा कॅट

पत्त्यांच्या खेळाविषयी आपल्या घरांतून दोन मते फार पूर्वीपासून नांदत आली आहेत. मे महिन्याच्या सुटीत माडीवर रंगणारा मेंढीकोट कुणाला खटकत नाही. परंतु पत्त्यांशी पैशांचा संबंध आला, की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. अलीकडे मुलांच्या हाती आलेल्या ‘ट्रेडिंग कार्ड’ नावाच्या खेळाने हे दोन्ही विषय एकत्र आणले आहेत. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही आमची गावे बेळगाव शहराच्या इतक्या निकट आहेत, की शहरातील मुलांच्या हाती आज जे दिसते ते उद्या आमच्या गल्लीत येते. त्याबरोबर शहरातील सुखवस्तू घरांचा पैसा मात्र येत नाही. अशा घरातील मुलाने हा खेळ खेळूच नये काय, आणि खेळला तर बरोबरीने खेळता येईल काय, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप पाहू. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ साली बाजारात आला आणि या प्रकाराचा पाया घातला गेला. १९९६ साली जपानमध्ये ‘पोकेमॉन’चे पत्ते निघाले, आपल्याकडील मुलांना अधिक परिचित आहेत ते हेच. नेहमीच्या ५२ पानांच्या खेळात दोघांपुढे एकच कॅट असतो. येथे मात्र प्रत्येक जण स्वतःच्या संग्रहातून पाने निवडून आपला वेगळा कॅट घेऊन बसतो. पोकेमॉनमध्ये तो बरोबर ६० पानांचा असतो, आणि एका नावाची चारांहून अधिक पाने त्यात चालत नाहीत. केवळ साध्या ऊर्जेच्या पानांना ही मर्यादा नाही. म्हणजे निम्मा खेळ बैठकीवर होतो आणि निम्मा त्याआधी, कॅट रचताना.

येथेच पैशाचा प्रश्न उभा राहतो. आंबोलीचा घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या सावंतवाडीची गंजिफा पुष्कळांनी पाहिली असेल. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी १२० गोल पाने असतात. जुन्या काळी गंजिफेचे दोन वर्ग मानीत. हस्तिदंतासारख्या मोलाच्या वस्तूवर रंगविलेली ती दरबारी, आणि कागद वा कापडाच्या थरांवर रंगविलेली ती बाजारी. तथापि खेळावयास बसल्यावर दरबारी राजा आणि बाजारी राजा यांच्या बळात तसूभरही फरक नसे. पैशाने शोभा विकत मिळे, डाव नव्हे. नव्या खेळात मात्र काही पाने मुळातच अधिक बलवान छापलेली असतात. ती विरळा असतात आणि म्हणून महाग होतात. श्रीमंताचा कॅट जड होण्याचे भय आहे ते यामुळे.

ही पाने विकण्याची रीतही ध्यानात घ्यावी. ती बंद पाकिटांतून येतात आणि आत कोणती पाने आहेत हे फोडल्यावाचून कळत नाही. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला होता. त्याच कसोटीने पाहिले तर हा खेळही कौशल्याचाच म्हणावा लागेल. पाकीट मात्र निव्वळ नशिबाचे आहे. हवे असलेले एक पान मिळावे म्हणून मूल पाकिटामागून पाकीट फोडते आणि घरात नको असलेल्या पानांची रास पडते. बेळगावच्या मार्केट यार्डात बटाट्याचे पोते न उघडता सौदा करणारा व्यापारी फार दिवस टिकावयाचा नाही. तोच व्यवहार येथे लावावा. हवे ते पान सुटे, पाहून, नाव वाचून विकत घ्यावे. वाढदिवसाची गंमत म्हणून एखादे पाकीट फोडावयास हरकत नाही. कॅट उभारण्याचा मार्ग तो नव्हे.

सुट्या पानाच्या किमतीतही दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : एक त्याचे बळ आणि दुसरी त्याची शोभा. एकच पान पुष्कळदा साध्या छपाईत निघते आणि चकचकीत वर्खातही निघते. नाव तेच, मजकूर तोच, डावातील काम तेच. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. संग्राहकाने वर्खाचे घ्यावे, खेळाडूने साधे घ्यावे. दरबारी आणि बाजारी हा भेद अशा रीतीने याही खेळात आहे, आणि ज्याला तो कळला त्याचा मोठा खर्च तेथेच वाचतो.

आता रचनेकडे वळू. नवखा मुलगा साठ निरनिराळी नामांकित पाने गोळा करतो आणि हरतो. याचे कारण साधे गणित आहे. आरंभी हातात सात पाने येतात. एखादे पान कॅटात एकच असेल, तर ते पहिल्या सातांत येण्याचा संभव शेकडा १२ च्या आतच राहतो. त्याच नावाची चार पाने घातली, तर तो शेकडा ४० च्या घरात जातो. शिवाय पोकेमॉनमध्ये प्रत्येकाची सहा पाने ‘बक्षीस’ म्हणून आरंभीच पालथी ठेवतात. एकुलते एक महागडे पान दर दहा डावांत सरासरी एकदा तेथेच अडकून पडते. म्हणून एका महाग पानापेक्षा एकमेकांना साहाय्य करणारी स्वस्त पाने चार-चार घेणे अधिक शहाणपणाचे.

पहिला पैसा ‘ट्रेनर’ वर्गातील पानांवर घालावा. ‘प्रोफेसर्स रिसर्च’ हे पान हातातील सर्व पाने टाकून नवी सात उचलू देते. ‘अल्ट्रा बॉल’ हे दोन पाने टाकण्याच्या मोबदल्यात कॅटातून हवा तो पोकेमॉन शोधून देते. अशा पानांच्या साध्या प्रती बहुधा स्वस्त असतात आणि उद्या कॅट बदलला तरी त्यांतील पुष्कळ पाने पुन्हा उपयोगी पडतात. घर बांधताना पाया आधी घालतात, झुंबर नंतर टांगतात.

दुसरी युक्ती डावातील हिशेबाची आहे. ‘एक्स’ हे उपपद लावलेले बलाढ्य पोकेमॉन पडले, की प्रतिपक्ष सहसा एकदम दोन बक्षिसे उचलतो. असे तीन पाडले, की सहा बक्षिसे पुरी होऊन डाव संपतो. साधा पोकेमॉन पडला तर एकच बक्षीस जाते. म्हणजे प्रतिपक्षाला सहा वेळा घाम गाळावा लागतो. स्वस्त पानांचे कॅट मोठमोठ्या कॅटांना झुंजवितात ते या हिशेबावर. दुबळ्याने आपली हानी थोडी आणि समोरच्याची अधिक होईल अशी जागा निवडावी, ही गनिमी काव्याची शिकवण आपल्याला नवी नाही.

खरेदीपूर्वी आणखी चार गोष्टी पाहाव्यात. पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक लहानसे इंग्रजी अक्षर छापलेले असते. त्यावरून ते पान प्रचलित स्पर्धेत चालते की बाद झाले ते ठरते, आणि जुनी अक्षरे कालांतराने बाद होत जातात. बाद होण्याच्या बेतात असलेले पान स्वस्त मिळाले तरी ते महागच. ‘लीग बॅटल डेक’ या नावाने काही तयार कॅट निघाले आहेत; त्यांत एकत्र नांदणारी उपयुक्त पाने असतात, तेव्हा त्यांच्या किमतीची सुट्या पानांशी तुलना करावी. जगज्जेत्यांच्या कॅटांच्या प्रतिकृतीही विकत मिळतात. अभ्यासाला त्या उत्तम, परंतु त्यांची पाठ वेगळी असल्याने स्पर्धेत त्या चालत नाहीत. आणि किरकोळ दुकानांत टांगलेल्या, सगळी पाने सोनेरी असलेल्या स्वस्त पाकिटांपासून सावध राहावे. अशी पाने बहुधा नकली असतात आणि नकली पानाला स्पर्धेत प्रवेश नाही.

सरावाला पैसा लागतच नाही. विकत घेण्याआधी वहीच्या कागदावर पानांची नावे लिहून, चिठ्ठ्यांचा कॅट करून घरी वीस-पंचवीस डाव खेळावेत. कोणते पान हातात नुसते बसून राहते ते लगेच उमगते, आणि तेवढी खरेदी टळते. पानांवरील मजकूर इंग्रजीत असतो. मराठी शाळेतील मुलाने त्याचा अर्थ आपल्या भाषेत वहीत उतरवून काढावा. पान पाठ होते आणि इंग्रजीही सुधारते, हा लाभ वेगळाच.

अर्थात येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शिखरावरील स्पर्धांत काही महाग पानांना पर्याय नसतो, आणि थोडक्या पैशांचा कॅट तेथे दर वेळी पुरा पडेल असे आश्वासन आम्ही देणार नाही. परंतु उणीव पैशाची की कौशल्याची, हे ज्याने शेकडो डाव खेळले त्यालाच कळते. तोपर्यंत हार झाली म्हणून नवे पान मागणाऱ्या मुलाला आधी हरलेला डाव पुन्हा मांडून दाखवावयास सांगावे.

पानांची अदलाबदल हाही या खेळाचा भाग आहे, आणि घरांघरांतील मैत्री बिघडते ती बहुधा तेथे. धाकट्याचे मोलाचे पान थोरल्याने दोन चकचकीत पानांवर घेतले, तर तो व्यवहार नव्हे. अदलाबदल मोठ्यांच्या देखत व्हावी आणि तीन दिवसांत परत फिरविण्याची मुभा असावी.

सर्वांत मोठा उपाय मात्र एकट्या मुलाच्या हाती नाही. तो आपणा सर्वांच्या हाती आहे. आपल्या सीमाभागातील कुस्तीच्या मैदानात पंच जोड पाहून कुस्ती लावतात. पोरसवद्या पैलवानापुढे कसलेला मल्ल उभा करीत नाहीत. मॅजिकच्या खेळाडूंनी हेच तत्त्व ‘पॉपर’ या प्रकारात आणले. त्यात केवळ ‘कॉमन’ म्हणून छापलेली पाने चालतात. २०१९ साली कागदी पत्त्यांच्या खेळासाठीही कंपनीने त्याला अधिकृत मान्यता दिली. आपल्या गल्लीतील मुलांसाठी असा नियम आपणही करू शकतो. संपूर्ण कॅटाची कमाल किंमत चार घरांनी मिळून ठरवावी, ती वहीत लिहून ठेवावी, आणि सुटीतले सामने त्याच मर्यादेत खेळवावेत. ज्याच्या वडिलांपाशी अधिक पैसे आहेत त्यालाही मग डोकेच चालवावे लागेल. आणि ज्याच्यापाशी नाहीत, त्याला हरल्यावर घरी जाऊन आईपुढे हात पसरावा लागणार नाही.