कूपरेज : संघ गेले, मैदान उरलं

विदर्भातला माणूस मुंबईत उतरला की त्याचं काम बहुधा मंत्रालयात असतं. फाईल कोणत्या टेबलावर अडली आहे हे कळेपर्यंत दुपार होते, साहेब बैठकीत असतात, आणि आता चार वाजेपर्यंत करायचं काय हा प्रश्न पडतो. अशा वेळी सगळे समुद्राकडे जातात. तुम्ही जाऊ नका. कुलाब्याच्या अंगाने थोडं चाला. झाडांच्या आड एक बॅंडस्टँडची बाग लागेल आणि तिच्या शेजारी कुंपणातलं एक हिरवं मैदान. हे कूपरेज. एकेकाळी देशातला चांगल्यातला चांगला फुटबॉल इथे बघायला मिळायचा.

नागपुरातल्या कळमन्याच्या माणसाने तर हे मैदान मुद्दाम पाहावं. मार्केट यार्ड मागे टाकून जुन्या कामठी रोडला लागलं की कामठी येते, आणि कामठीत फुटबॉल हा काही पाहुणा खेळ नाही. 1821 साली इंग्रजांनी तिथे छावणी वसवली. गोऱ्या शिपायांचा हा खेळ छावणीतून मोहल्ल्यात शिरला आणि तिथलाच झाला. मुंबईतही तो शिपायांबरोबरच आला. रोव्हर्स चषक 1891 साली सुरू झाला तेव्हा लढती पलटणींच्याच असायच्या आणि पहिला चषक नेला वूस्टरशायर रेजिमेंटने. ड्युरँड चषक याच्याहून फक्त तीन वर्षांनी वडील. भारतीय संघाने रोव्हर्स जिंकायला 1937 उजाडावं लागलं. तो संघ होता बंगलोर मुस्लिम्स.

पुढची पन्नासेक वर्षं रोव्हर्स म्हणजे कूपरेज हे समीकरण पक्कं होतं. कलकत्त्याची मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन स्पोर्टिंग ही बडी मंडळी इथे येऊन खेळायची. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी 1950 ते 1954 असा ओळीने पाच वर्षं चषक उचलला. कलकत्त्याबाहेरचा एक पोलीस संघ साऱ्या देशाला भारी पडत होता आणि मुंबईकर ते पैसे मोजून बघत होते. त्यानंतर मुंबईचे स्वतःचे संघ तयार झाले, आणि खरी गोष्ट त्यांचीच आहे.

हे संघ पेठांचे नव्हते, शाळा-कॉलेजांचेही नव्हते. ते कंपन्यांचे होते. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया. पोरगा चांगला खेळतो असं दिसलं की कंपनी त्याला कारकून किंवा कामगार म्हणून नोकरीत घ्यायची. सकाळी हजेरीपटावर सही, दुपारनंतर सराव, सामना असेल त्या दिवशी रजा. पाय थकले की टेबल होतंच, साठीला निवृत्ती. खेळून पोट भरतं हे त्या काळी कोणालाच पटत नव्हतं. खेळामुळे कायमची नोकरी लागते हे मात्र आईबापांनाही पटायचं. गोव्याहून आलेली मुलं धोबी तलावाच्या कुडांमध्ये राहायची. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेलं बिऱ्हाड. तिथून कूपरेज चालत गाठता येतं, आणि या संघांना खेळाडू पुरवण्यात गोवेकरांचा वाटा मोठा होता.

त्यातलाच एक नेव्हिल डिसूझा. टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळलेला हा सेंटर फॉरवर्ड. 1 डिसेंबर 1956 रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असं हरवलं, त्या चारांतले तीन गोल नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. त्याच्या वर आपण पुन्हा कधी गेलो नाही, आणि 1960 नंतर तर ऑलिंपिक फुटबॉलला पात्रही ठरलो नाही. नेव्हिल 1980 साली वारला. क्रिकेटमध्ये यातलं निम्मं केलं असतं तरी मुंबईने त्याच्या नावाचा चौक केला असता, असं मला नेहमी वाटतं.

1958 साली कॅल्टेक्सने रोव्हर्स जिंकला. एका तेल कंपनीचा संघ कलकत्त्याच्या क्लबांच्या पंक्तीला जाऊन बसला! आज तो संघ नाही आणि त्या नावाची कंपनीही इथे नाही. 1976 मध्ये सरकारने कॅल्टेक्सचा भारतातला कारभार ताब्यात घेतला. पुढे गिरणी संघांची पाळी आली. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला दत्ता सामंतांचा संप कामगारांना घेऊन बुडाला तसा गिरणगावचा सगळा डोलाराच बसला. जिथे कामगाराचा पगार निघत नव्हता तिथे गोलरक्षकाचा कोण काढणार? शिवाय 1983 च्या क्रिकेट विश्वचषकानंतर जाहिरातीचा पैसा त्या खेळाकडे वळला. तिकडे गोव्यात खाणमालकांनी धेंपो, साळगावकर असे आपले संघ उभे केले आणि गोव्याच्या पोराला मुंबईला यायचं कारण उरलं नाही.

यात महिंद्राचा संघ बराच काळ तग धरून होता. 1962 मध्ये सुरू झालेला हा संघ पुढे महिंद्र युनायटेड म्हणून ओळखला गेला. कंपनीच्या गाडीवरून त्यांना जीपमेन म्हणायचे. 2003 आणि 2005 चा फेडरेशन चषक त्यांनी जिंकला आणि डेरिक परेरा यांच्या हाताखाली 2005-06 ची राष्ट्रीय लीगही मारली. याहून वर जायला देशात जागा नव्हती. चार वर्षांनी, 2010 मध्ये, कंपनीने संघ बंद केला. यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर भर देणार, असं सांगण्यात आलं. हेतू चांगलाच होता, पण संघ गेला तो गेला. एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना 2013 मध्ये क्लब परवान्याच्या निकषात बसत नाहीत म्हणून आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगबाहेर काढलं. 2007 मध्ये निघालेली मुंबई एफसी 2016-17 च्या हंगामात शेवटची आली, खालच्या गटात ढकलली गेली आणि तिथेच संपली. रोव्हर्स चषक तर त्याआधीच, 2000-01 च्या स्पर्धेनंतर, थांबला होता. एकशे नऊ वर्षांची स्पर्धा, पण ती बंद झाल्याचं मुंबईत फारसं कोणाला जाणवलंही नाही.

या यादीत मैदानावर हरून संपलेला संघ जवळजवळ नाही. महिंद्र तर विजेता होऊन चार वर्षांत गेला. या संघांचा निकाल लागला तो कचेरीत.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळ वेगळा, हातात चेंडू घेऊन पळायचा, आणि त्यात कॉलेजांचे संघ फार मोठे. शिकागो विद्यापीठाचा संघ तिथे एकेकाळी दादा होता. अमोस अलोंझो स्टॅग यांनी तो चाळीस वर्षं घडवला, सात वेळा बिग टेन ही लीग जिंकली. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा हाइझमन पुरस्कार 1935 मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तो याच विद्यापीठाच्या जे बरवँगरला. कुलगुरू रॉबर्ट हचिन्स यांना मात्र विद्यापीठात हा तमाशा नको होता. 1939 मध्ये मिशिगनकडून 85-0 असा मार खाल्ल्यावर त्यांनी संघच मोडीत काढला. तीन वर्षांनी, 2 डिसेंबर 1942 रोजी, त्याच मैदानाच्या रिकाम्या प्रेक्षकसज्ज्याखाली एन्रिको फर्मी यांनी जगातली पहिली अणुभट्टी चालवून दाखवली. ओस पडलेल्या सज्ज्याचा इतका मोठा उपयोग दुसरीकडे कुठे झाला असेल असं वाटत नाही.

कूपरेज तसं ओस पडलेलं नाही. पाच हजारांच्या आसपास माणसं बसतील एवढे सज्जे आहेत. गवताच्या जागी कृत्रिम हिरवळ आली आहे, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचं कार्यालय इथेच आहे आणि मुंबईच्या जिल्हा लीगचे सामने होत असतात. दिव्यांचे खांब चांगले, जमीन सपाट. नाही ती गर्दी. मुंबई सिटी एफसी इंडियन सुपर लीग दोनदा जिंकून बसली आहे, पण तिचं घर अंधेरीत.

मग फुटबॉलला माणसं येतच नाहीत म्हणावं तर कोल्हापूरकडे बघा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की उभं राहायला जागा नसते. तिथला संघ पेठेचा, तालमीचा. त्याला वरचा साहेब नाही. वर्गणी कमी पडली तर गल्ली ओरडते, भांडते, पुन्हा गोळा करते, पण संघ मोडायचा अधिकार कोणा एकाच्या खिशात नसतो. याच शहराचा अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

आपल्या नागपूरकडेही हेच दिसतं. कामठीचा रब्बानी क्लब आणि नागपूरचा यंग मुस्लिम क्लब हे मोहल्ल्याच्या जोरावर उभे आहेत. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी 2001 पासून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल दिला, ज्यावर नागराज मंजुळे यांनी 2022 मध्ये ‘झुंड’ हा चित्रपट काढला, तेव्हा त्यांच्या पाठीशी कुठली गिरणी नव्हती. मुलं मात्र भरपूर होती. कंपन्यांनी खेळाडूला दिली तशी निवृत्तीपर्यंतची नोकरी यांच्यापैकी कोणी देऊ शकत नाही, ही उणीव खरीच. तिच्यापायी कितीतरी चांगली पोरं विशीतच खेळ सोडतात. तरी सांगायचं तर, कूपरेजच्या संघांना बाकी सगळं मिळालं, गल्ली मिळाली नाही, आणि ते टिकले नाहीत ते म्हणूनच.

मंत्रालयातलं काम लांबलं तर संध्याकाळी कूपरेजच्या फाटकाशी चौकशी करा. लीगचा हंगाम असला तर सामना सापडेल. चर्चगेट स्टेशन तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. आणि कळमन्याला परतल्यावर कामठीत स्पर्धा लागली असेल तर तीही सोडू नका. तिथे मुंबईपेक्षा लवकर जाऊन जागा धरावी लागते.