स्पोर्ट्स कारला 'कॉइलओव्हर' बसवताना : यंत्र, रस्ता आणि कायदा

स्पोर्ट्स कार जमिनीलगत बसावी, वळणावर कमी कलावी आणि तिची उंची आपल्या पसंतीने ठरवता यावी, यासाठी मूळ सस्पेन्शन काढून 'कॉइलओव्हर' संच बसवण्याकडे तरुण वाहनमालकांचा ओढा आहे. मोठ्या महानगरांपुरती असलेली ही हौस आता रायपूर, नागपूर यांसारख्या शहरांतही दिसते. मात्र हा बदल केवळ दिखाऊ नसतो. गाडीचे ब्रेक, टायर, विमा आणि नोंदणी या सर्वांशी त्याचा थेट संबंध येतो.

कॉइलओव्हर म्हणजे काय?

खड्ड्याचा धक्का शोषून घेण्याचे काम गाडीत दोन भाग मिळून करतात. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि धक्क्याची ऊर्जा साठवते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्या ऊर्जेचे तेलाच्या घर्षणातून उष्णतेत रूपांतर करून स्प्रिंगची उसळी थांबवतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बरभोवतीच स्प्रिंग गुंडाळलेली असेल, तर त्या जोडीला कॉइलओव्हर म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या संचात शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर फिरणाऱ्या कडीवर स्प्रिंग बसते. कडी खाली घेतली की गाडी खाली येते, वर नेली की गाडी उचलली जाते.

साध्या संचात उंची बदलण्यासाठी केवळ ही कडीच फिरवावी लागते. कडी फार खाली नेल्यास चाक लोंबकळत्या स्थितीत असताना स्प्रिंग सैल पडू शकते. अधिक महागड्या संचात खालचा कंसही आट्यांवर फिरतो. त्यामुळे स्प्रिंगचा ताण न बदलता एकूण लांबी कमी-जास्त करता येते. संच निवडताना हा फरक प्रथम तपासावा लागतो.

गाडी खाली आली की काय बदलते?

गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो, हा उघड फायदा. परंतु त्याबरोबर चाकाला वर सरकण्यासाठी उरलेली जागाही घटते. ती संपली की शॉक अ‍ॅब्सॉर्बर रबरी अडथळ्यावर आदळतो आणि वळणावरच असे घडल्यास टायरची पकड अकस्मात सुटू शकते. म्हणूनच खाली आणलेल्या गाडीला अधिक कडक स्प्रिंग लागते. कडक स्प्रिंगला तिच्याशी जुळणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बरही हवा. मूळ शॉक अ‍ॅब्सॉर्बर तसाच ठेवून केवळ स्प्रिंग कापणे किंवा बदलणे धोक्याचे ठरते, ते यामुळेच.

अनेक गाड्यांच्या पुढील चाकांना मॅकफर्सन पद्धतीचे सस्पेन्शन असते. फोर्ड कंपनीचे अभियंते अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. या रचनेत गाडी फार खाली आणल्यास चाकाला धरणारा खालचा दांडा आडव्या रेषेच्या वर कलतो. मग गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही वेगाने खाली जातो. परिणामी खाली आणलेली गाडी वळणावर कमी कलण्याऐवजी अधिक कलू पाहते. 'जितकी खाली, तितकी चांगली' ही समजूत येथे खोटी ठरते.

सदर बाजारातील गणित

रायपूरच्या जुन्या शहरातील सदर बाजार सराफी पेढ्यांसाठी प्रसिद्ध आहे. चिंचोळे रस्ते, दुचाकींची गर्दी आणि थांबत-थांबत पुढे सरकणारी रहदारी अशा भागात गाडीचा वेग नव्हे, तर तिच्या पोटाखालची जागा महत्त्वाची ठरते.

भारतीय रस्ते परिषदेच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण रहदारीसाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. दोन्ही आसांमध्ये २.६ मीटर अंतर असलेली गाडी अशा गतिरोधकाच्या मधोमध आली, तर तिची चाके उतारावर असतात आणि पोटाखालची सुमारे ५ सेंटिमीटर जागा कमी होते. मूळ १२ सेंटिमीटर जागा असलेल्या गाडीजवळ तेव्हा ७ सेंटिमीटर उरतात. हीच गाडी ४ सेंटिमीटर खाली आणली, तर अवघे ३ सेंटिमीटर उरतात. त्यात प्रवाशांचे वजन आणि स्प्रिंगची दबणूक मिळवली की तळ घासण्याची वेळ येते.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणचे गतिरोधक अरुंद आणि उभ्या चढाचे असतात. दोन चाकांच्या मध्ये पूर्णपणे मावणारा १० सेंटिमीटर उंचीचा उंचवटा ८ सेंटिमीटर जागा असलेली गाडी ओलांडूच शकत नाही. अशा वेळी पहिला फटका इंजिन तेलाच्या टाकीला किंवा धुराड्याच्या नळीला बसतो. पोर्शसारख्या कंपन्या आपल्या काही गाड्यांना पुढचा भाग तात्पुरता उचलणारी यंत्रणा देतात, त्यामागेही हीच अडचण आहे.

बसवताना कोणती काळजी?

गाडी सपाट जागी जॅकने उचलून भक्कम घोड्यांवर टेकवली जाते. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे जिवावर बेतू शकते. त्यानंतर चाक, ब्रेकच्या नळीचा कंस, एबीएसची तार आणि अँटी-रोल बारचा दुवा सोडवून मूळ जोडणी बाहेर काढतात. ब्रेकची नळी ताणली जाणार नाही, याकडे लक्ष द्यावे लागते.

सर्वांत धोक्याचा टप्पा मूळ जोडणी सुटी करण्याचा. दर मिलिमीटरला ३० न्यूटन ताकद लागणारी स्प्रिंग १०० मिलिमीटर दाबलेली असेल, तर तिच्यात सुमारे ३०० किलो वजनाइतका जोर कोंडलेला असतो. स्प्रिंग दाबून धरणारे योग्य अवजार न लावता वरचा नट सोडल्यास स्प्रिंग गोळीसारखी सुटते.

नवा संच बसवल्यावर सर्व नट टॉर्क पान्याने, निर्मात्याने दिलेल्या मापानुसार आवळावे लागतात. रबरी बुश असलेल्या सांध्यांचे नट मात्र गाडी चाकांवर उभी राहिल्यावर, तिच्या नेहमीच्या उंचीला आवळायचे असतात. अन्यथा रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. शेवटी चारही चाकांचे अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा पुन्हा जुळवणे आवश्यक असते. अलाइनमेंट टाळल्यास नवे टायर आतल्या कडेने झिजून अल्पावधीत निकामी होऊ शकतात.

कायदा काय सांगतो?

भारतात विकल्या जाणाऱ्या वाहनाच्या नमुन्याची केंद्रीय मोटार वाहन नियमावलीच्या नियम १२६ अन्वये चाचणी होते. ही चाचणी करणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगर येथील संरक्षण खात्याची व्हीआरडीई यांचा समावेश आहे. ही मान्यता मूळ रचनेला असते, मालकाने नंतर केलेल्या बदलांना नव्हे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या कलमाचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या स्वरूपात आणले. त्यात परवानगी नसलेले सुटे भाग बसवून वाहनात बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद करण्यात आली.

नोंदणी प्रमाणपत्रात स्प्रिंगचा स्वतंत्र रकाना नसतो, म्हणून हा बदल आपोआप वैध ठरतो, असे मानणे चुकीचे आहे. जर्मनीत सुट्या भागांना तांत्रिक तपासणी संस्थेचा अहवाल मिळतो आणि बदलाची नोंद वाहनाच्या कागदपत्रांत करता येते. भारतात मालकाने संच विकत घेण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करणे आणि विमा कंपनीला बदलाची माहिती देणे शहाणपणाचे आहे. न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतरचा दावा अडचणीत येऊ शकतो.

शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर कॉइलओव्हरचे गुण खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात. तेथे रस्ता सपाट असतो आणि गाडी ट्रेलरवरून नेता येते. रोजच्या वापराच्या गाडीला मात्र गतिरोधक, पावसाळ्यातील खड्डे आणि सदर बाजारासारखी गर्दी पार करायची असते. त्या गाडीसाठी उंची ठरवताना छायाचित्रातील शोभेपेक्षा चाकाला वर सरकायला किती जागा उरते, हेच माप निर्णायक मानावे लागेल.