कुजत्या फिल्मवरची चित्रे

1950च्या सुमारापर्यंत चित्रपटगृहांत दाखवले जाणारे चित्रपट मुख्यतः नायट्रेट फिल्मवर छापले जात. नायट्रोसेल्युलोजची पारदर्शक पट्टी, तिच्यावर जिलेटिनचा थर आणि त्या थरात चांदीचे बारीक कण, अशी या फिल्मची घडण. ही पट्टी मुळातच अस्थिर असते. उष्ण, दमट हवेत तर ती झपाट्याने विघटते. तिच्यातून सुटणारे वायू ओलाव्याशी मिळून आम्ल तयार करतात. त्याने चांदीची प्रतिमा फिकटते, जिलेटिन चिकट होते, थराला फोड येतात आणि अखेरीस रिळाच्या जागी तपकिरी भुकटी उरते.

भुकटी होण्याआधीच्या टप्प्यात मात्र ही फिल्म विलक्षण देखणी दिसते. चेहरे वितळल्यासारखे होतात, आकाशाला उकळी फुटते, काही ठिकाणी काळ्या-पांढऱ्याची उलटापालट होते. या हालचालीला तालही असतो. फिल्म गुंडाळलेली असल्यामुळे एका जागची कीड शेजारच्या वेढ्यांत उतरते. 35 मिमी फिल्मची चौकट सुमारे 19 मिमी उंच असते; म्हणजे 75 सेंटिमीटरच्या वेढ्यात साधारण 40 चौकटी बसतात. म्हणून पडद्यावर तोच डाग दर दोनेक सेकंदांनी, दर वेळी थोडा बदलून, परत येतो.

अमेरिकन चित्रपटकार बिल मॉरिसन यांनी 'डिकेशिया' (2002) हा चित्रपट अशाच तुकड्यांतून उभा केला. संग्रहालयांतली कुजकी रिळे धुंडाळून त्यांनी दृश्ये निवडली, त्यांची गती संथ केली आणि मायकेल गॉर्डन यांच्या संगीताशी ती जोडली. त्यातला मुष्टियोद्धा तर विसरता येत नाही. मूळ दृश्यात तो सरावाच्या पिशवीवर ठोसे मारत होता. पिशवीची जागा विघटनाने गिळल्यामुळे तो खदखदत्या डागाशीच झुंजताना दिसतो. डाग कालांतराने पडले, पण कोणता डाग कोणत्या दृश्याला अर्थ देतो हे ओळखणारी नजर मॉरिसन यांची. म्हणूनच हा चित्रपट निव्वळ योगायोगाचा संग्रह ठरत नाही. 2013 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत त्याचा समावेश झाला.

हे सौंदर्य टिपायला मुदत थोडी असते. थर चिकटून रीळ उलगडेनासे होण्याआधी प्रत काढावी लागते. शिवाय आगीचा धोका असतोच: नायट्रेट पेटले तर ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन त्यातूनच मिळतो. ते पाण्याखालीही जळत राहते. 2003 साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत जुन्या भारतीय चित्रपटांची नायट्रेट रिळे जळाली. ज्यांची प्रत निघाली नव्हती, ती कायमची गेली.