यूपीएससीची मुलाखत : पहिली काही मिनिटे

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची मुलाखत नवी दिल्लीतील धोलपूर हाउसमध्ये होते. एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण तिचे. मुख्य परीक्षेचे गुण मुलाखत मंडळापुढे नसतात; असतो तो उमेदवाराने भरलेला सविस्तर अर्ज. त्यामुळे पहिला ठसा त्या अर्जातूनच उमटू लागतो. गाव, पदवी, छंद यांवरून बहुधा सुरुवात होते. ‘वाचन’ हा छंद लिहिणाऱ्याला नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाविषयी मनापासून बोलता आलेच पाहिजे. खरे तर हा सर्वांत सोपा प्रश्न, तरी अनेक जण इथेच अडखळतात. आत आल्यावर अध्यक्षांना व सदस्यांना नमस्कार, सांगितल्यावर बसणे, एवढे पुरे. मुलाखत मराठीतूनही देता येते. मात्र दुभाषकामार्फत उत्तर पोहोचत असल्याने वाक्ये छोटी व सुटसुटीत ठेवावीत.